मोटोजीपी शर्यतींतील चालनतंत्र

मोटोजीपी ही डांबरी मार्गावरील मोटरसायकल शर्यतींची सर्वोच्च जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होय. आंतरराष्ट्रीय मोटरसायकल महासंघाने १९४९ साली सुरू केलेली ही स्पर्धा मोटर-क्रीडेतील सर्वांत जुन्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धांपैकी एक आहे. प्रस्तुत लेखात या शर्यतींतील गाडी चालवण्याचे तंत्र, स्वारांचा पोशाख आणि त्यांची यंत्रे यांचा विचार केला आहे.

मोटरगाडीच्या शर्यतीत चालक पट्ट्यांनी आसनाला बांधलेला असतो आणि त्याच्या शरीराच्या हालचालीचा गाडीच्या तोलावर परिणाम होत नाही. मोटरसायकलचे तसे नाही. मोटोजीपीच्या गाडीचे किमान वजन १५७ किलोग्रॅम असते आणि तिच्यावर साठ-पासष्ट किलोंचा स्वार बसलेला असतो. एकूण वजनाचा तिसऱ्या हिश्शाच्या आसपासचा हा भाग आपल्या इच्छेने पुढे, मागे आणि बाजूला सरकू शकतो. त्यामुळे या खेळात स्वाराचे शरीर हा यंत्राचाच एक भाग ठरतो, आणि तंत्र, पोशाख व यंत्र हे विषय एकमेकांपासून तोडून समजत नाहीत.

स्पर्धेचे स्वरूप

आरंभीच्या दशकांत अनेक शर्यती सार्वजनिक रस्ते बंद करून घेतल्या जात. दगडी कुंपणे, विजेचे खांब आणि घरांच्या भिंती यांना लागूनच मार्ग असे. आइल ऑफ मॅन बेटावरील टीटी ही त्यांतील सर्वांत प्रसिद्ध शर्यत. १९७२ साली तेथे इटलीचा जिल्बेर्तो पार्लोत्ती मृत्युमुखी पडला. त्यानंतर त्याचा मित्र व त्या काळचा सर्वश्रेष्ठ स्वार जाकोमो अगोस्तिनी याने तेथे पुन्हा उतरण्यास नकार दिला. १९७६ नंतर ही शर्यत जागतिक अजिंक्यपदातून वगळण्यात आली. आता सर्व शर्यती खास बांधलेल्या बंदिस्त मार्गांवर होतात. वळणांच्या बाहेर खडीचे पट्टे असतात आणि गरजेच्या ठिकाणी हवेने भरलेले अडसर लावलेले असतात.

सर्वोच्च वर्गात २००१ पर्यंत ५०० घनसेंटिमीटरची द्विघाती इंजिने होती. २००२ पासून ९९० घनसेंटिमीटरची चौघाती इंजिने आली आणि वर्गाला ‘मोटोजीपी’ हे नाव मिळाले. २००७ मध्ये ही मर्यादा ८०० आणि २०१२ मध्ये १००० घनसेंटिमीटर करण्यात आली. मोटो-२ व मोटो-३ हे खालचे दोन वर्ग असून बहुतेक स्वार त्यांतूनच वर येतात. मुख्य शर्यत साधारण ४० ते ४५ मिनिटांची असते. २०२३ पासून प्रत्येक शनिवारी निम्म्या अंतराची एक छोटी शर्यतही घेतली जाते.

टायर आणि पकड

मोटरसायकलचा जमिनीशी संबंध केवळ दोन ठिकाणी येतो आणि त्या प्रत्येक ठिकाणी टेकलेला रबराचा भाग तळहाताहून मोठा नसतो. ब्रेक लावणे, वळणे आणि वेग वाढवणे ही तिन्ही कामे त्या एवढ्याशा रबराने करायची असतात. टायरची पकड ही जणू ठरावीक शिल्लक आहे. ती ब्रेकसाठी पूर्ण खर्च केली तर वळण्यासाठी काही उरत नाही, आणि गाडी पूर्ण झुकलेली असताना इंजिनाची ताकद एकदम सोडली तर मागचे चाक सुटते. ही शिल्लक क्षणोक्षणी वाटून खर्च करण्याचे कौशल्य म्हणजेच शर्यतीतील चालनतंत्र, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

कोरड्या मार्गावरील टायरांवर नक्षी नसते. शर्यतीपूर्वी त्यांना विजेवर तापणारी आवरणे गुंडाळून ठेवतात, कारण थंड रबर पकड देत नाही. टायरची डावी व उजवी बाजू वेगवेगळ्या कठीणपणाची असू शकते. जर्मनीतील झाक्सनरिंग या मार्गावर दहा वळणे डावीकडची आणि केवळ तीन उजवीकडची आहेत. दीर्घकाळ डावीकडे झुकत राहिल्याने टायरची उजवी बाजू निवत जाते, आणि त्यानंतर येणाऱ्या उताराच्या उजव्या वळणावर नामांकित स्वारही पडतात.

टायरमधील हवेचा दाबही शर्यतीचा निकाल बदलू शकतो. पुढच्या टायरमध्ये ठरलेल्या किमान दाबाखाली फार काळ राहिल्यास स्वाराला दंडादाखल वेळ वाढवून मिळते. दुसऱ्याच्या मागे चालताना गरम हवा लागून दाब वाढतो, तर एकट्याने पुढे धावताना तो उतरतो. २०२५ च्या हंगामातील पहिल्या शर्यतीत, थायलंडमधील बुरीराम येथे, आघाडीवर असलेल्या मार्क मार्केझने आपला धाकटा भाऊ आलेक्स यास जाणूनबुजून पुढे जाऊ दिले. दाब सावरेपर्यंत तो त्याच्या मागे राहिला आणि शेवटच्या काही फेऱ्यांत पुन्हा पुढे जाऊन त्याने शर्यत जिंकली. पाहणाऱ्यांना प्रथम हा प्रकार उमगलाच नाही.

वळण घेण्याचे तंत्र

वळणावर गाडी आतल्या बाजूला झुकवावी लागते हे सायकल चालवणाऱ्या मुलालाही ठाऊक असते. किती झुकवावी लागते याचा हिशेब मात्र पाहण्यासारखा आहे. झुकावाच्या कोनाचे स्पर्शगुणोत्तर हे वेगाच्या वर्गाला वळणाची त्रिज्या व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागून मिळते. ५० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ९० किलोमीटर वेगाने घ्यायचे असेल तर सुमारे ५२ अंश झुकावे लागेल. वेग ताशी १०० किलोमीटर केला तर हाच कोन सुमारे ५८ अंश होतो. हा झाला सिद्धांतातला कोन. प्रत्यक्षात टायर रुंद असतो, झुकल्यावर जमिनीला टेकणारा भाग आतल्या कडेकडे सरकतो, आणि म्हणून गाडीला याहूनही अधिक झुकावे लागते. मोटोजीपीत ६० अंशांपलीकडचा झुकाव नित्याचा आहे. गाडीला यापेक्षा फारसे झुकता येत नाही, कारण पायटे, इंजिनाचा भाग किंवा स्वाराचे अवयव जमिनीला लागतात.

येथेच स्वाराच्या शरीराचा उपयोग होतो. तो आसनावरून आतल्या बाजूला सरकून बाहेर लटकतो, त्यामुळे गाडी व स्वार यांचा एकत्रित गुरुत्वमध्य आत व खाली येतो. परिणामी त्याच वेगाने तेच वळण घेताना गाडी थोडी कमी झुकवावी लागते. शरीराने झुकण्याचा वाटा उचलला की टायरला तेवढी उसंत मिळते. वळणातून बाहेर पडताना हा फायदा अधिक जाणवतो. शरीर आत ठेवून गाडी लवकर उभी करता येते, टायरचा रुंद भाग जमिनीवर येतो आणि वेग लवकर वाढवता येतो.

१९६० च्या दशकात माइक हेलवुडसारखे स्वार दोन्ही गुडघे टाकीला चिकटवून, गाडीच्या रेषेतच शरीर ठेवून वळत. शरीर आत झुकवण्याची पद्धत फिनलंडच्या यार्नो सारिनेनने १९७० च्या दशकारंभी ठळकपणे वापरली. तो १९७२ चा २५० घनसेंटिमीटर वर्गाचा विश्वविजेता. पुढच्याच वर्षी २० मे रोजी मोंझा येथील अपघातात तो आणि रेन्झो पासोलिनी हे दोघेही दगावले. सारिनेनची शैली पाहून प्रभावित झालेला अमेरिकेचा केनी रॉबर्ट्स याने ती पुढे नेली आणि १९७८ ते १९८० अशी सलग तीन वर्षे ५०० घनसेंटिमीटरचे अजिंक्यपद जिंकले. त्यानंतर जमिनीला टेकलेला गुडघा ही या खेळाची ओळखच बनली. गुडघा टेकणे हे मुळात शौर्याचे प्रदर्शन नसून मोजपट्टी आहे. डोळे पुढच्या रेषेवर असताना गाडी नेमकी किती झुकली आहे हे स्वाराला गुडघ्याला होणाऱ्या घर्षणावरून कळते.

मार्केझने २०१३ मध्ये पदार्पणाच्याच वर्षी अजिंक्यपद मिळवले, ते कोपर जमिनीला टेकवण्याच्या शैलीने. पुढचे चाक घसरू लागल्यावर कोपर व गुडघा यांच्या आधाराने गाडी पुन्हा उभी करण्याचे त्याचे कसब अन्य कोणाला तितकेसे साधलेले नाही. त्याची किंमतही त्याने मोजली. १९ जुलै २०२० रोजी हेरेझ येथे त्याच्या उजव्या दंडाचे हाड मोडले, आणि त्यावर २०२२ पर्यंत चार शस्त्रक्रिया कराव्या लागल्या.

गाडी झुकवण्याची सुरुवात हँडलपासून होते, आणि ती सामान्य समजुतीच्या उलट असते. डावीकडे झुकायचे असेल तर हँडलचा डावा भाग पुढे ढकलावा लागतो, म्हणजे पुढचे चाक क्षणभर उजवीकडे वळते. त्यासरशी गाडी डावीकडे कलते. रस्त्यावरचे दुचाकीस्वारही नकळत हेच करीत असतात. ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगात फिरत्या चाकांचा विरोध इतका वाढतो की गाडी एका बाजूकडून दुसरीकडे नेण्यासाठी खरोखर बळ लावावे लागते. शर्यतीच्या अखेरीस अनेकांच्या पुढच्या हातांचे स्नायू सुजून बोटांतील ताकद जाते. या विकारावर शस्त्रक्रिया करून घेतलेले स्वार कमी नाहीत.

ब्रेक

पुढचा ब्रेक जोरात दाबला तर गाडी उलटते, म्हणून तो वापरूच नये, असा समज आपल्याकडे आजही आढळतो. शर्यतीत मात्र वेग कमी करण्याचे बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच सारा भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक जमिनीवर कसेबसे टेकलेले राहते. अनेकदा ते हवेतही उचलले जाते. दाब एकदम न देता क्रमाने वाढवणे, म्हणजे आधी भार पुढे येऊ देणे व मग पूर्ण जोर लावणे, यात सारे मर्म आहे. चाक अडकू न देणारी जी यंत्रणा आता रस्त्यावरच्या गाड्यांत असते तिला मोटोजीपीत परवानगी नाही. तेथे ते काम एका-दोन बोटांनी करायचे असते.

ब्रेकच्या चकत्या कार्बनच्या असतात. त्या तापल्याशिवाय नीट काम करीत नाहीत. त्यांचे कार्यतापमान काही शे अंश सेल्सिअस असते आणि जोरदार ब्रेकच्या वेळी त्या लालबुंद झालेल्या दिसतात. पावसात त्या निवतील या भीतीने पूर्वी पोलादी चकत्या बसवत. २०१७ मध्ये मिसानोच्या पावसाळी शर्यतीत मार्केझने कार्बनच्याच चकत्यांवर विजय मिळवला आणि ही प्रथा मागे पडू लागली.

निष्णात स्वार सरळ रेषेतच ब्रेक सोडून देत नाही. गाडी झुकवत जाताना तो ब्रेकचा दाब थोडा थोडा कमी करीत वळणाच्या मध्यापर्यंत नेतो. पुढच्या टायरवर भार राहिल्याने गाडी चटकन वळते. पण हीच सर्वांत धोक्याची वेळ असते. दाब किंचित जास्त झाला की पुढचे चाक सुटते.

मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबतात. उजव्या वळणावर पूर्ण झुकलेले असताना पायाला तेथे जागाच उरत नाही. आज पुष्कळ स्वार डाव्या हाताच्या अंगठ्याने किंवा बोटांनी चालणारा जादा ब्रेक वापरतात. त्यामागे एक विलक्षण घटना आहे. ऑस्ट्रेलियाचा मिक डूहन १९९२ च्या हंगामात मोठ्या आघाडीवर असताना नेदरलँड्समधील आसेन येथे सरावात पडला आणि त्याचा उजवा पाय मोडला. रक्तपुरवठा बिघडून पाय कापण्याची वेळ आली. तेव्हा इटलीचे डॉ. क्लाउदियो कोस्ता यांनी त्याचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून निरोगी पायाचे रक्त जखमी पायास मिळेल अशी व्यवस्था केली. पाय वाचला. डूहन त्याच हंगामात परतला, परंतु अजिंक्यपद वेन रेनीकडे अवघ्या चार गुणांनी गेले. घोटा नीट हलत नसल्याने पायाचा ब्रेक वापरणे त्याला जमेना, म्हणून १९९३ मध्ये त्याच्यासाठी अंगठ्याचा ब्रेक तयार करण्यात आला. १९९४ ते १९९८ अशी सलग पाच अजिंक्यपदे त्याने जिंकली. एका अधू पायासाठी केलेली ही सोय पुढे धडधाकट स्वारांनीही उचलली.

पडण्याचे दोन प्रकार

पुढचे किंवा मागचे चाक सुटून गाडी आतल्या बाजूला आडवी होते आणि स्वार तिच्या मागोमाग घसरत जातो, हा पहिला प्रकार. यात स्वार जमिनीच्या जवळच असतो व बहुधा उठून चालू लागतो. दुसरा प्रकार भयंकर आहे. वळणातून निघताना इंजिनाच्या जोराने मागचे चाक बाहेर सरकते. स्वार घाबरून जोर कमी करतो, टायरला एकाएकी पकड मिळते, आडवी चाललेली गाडी झटक्यासरशी उभी होते आणि स्वार गोफणीतल्या दगडासारखा वर फेकला जातो. ५०० घनसेंटिमीटरच्या द्विघाती गाड्यांची ताकद अचानक उसळून येत असे, त्यामुळे त्या काळात असे अपघात फार झाले. आता मागच्या चाकाची घसरण ओळखून इंजिनाचा जोर आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते. हे प्रकार त्यामुळे कमी झाले, थांबले नाहीत.

पोशाख

स्वाराचा पोशाख अखंड चामड्याचा असतो. त्यासाठी गाईचे किंवा कांगारूचे चामडे वापरतात. कांगारूचे चामडे पातळ व हलके असूनही घासण्याला दाद देत नाही. खांदे, कोपरे व गुडघ्यांवर कठीण आवरणे असतात. गुडघ्यांवरील घासपट्ट्या झिजल्या की बदलता येतात. पाठीवरचा उंचवटा वाऱ्याचा प्रवाह सुरळीत ठेवतो. पोटात त्याच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणे, आणि उष्ण देशांत पाण्याची पिशवी, मावते. छाती व पाठ यांची संरक्षक कवचे सक्तीची आहेत. शिरस्त्राणाच्या काचेवर पारदर्शक पापुद्रे लावलेले असतात, माती वा कीटक चिकटले की स्वार वरचा पापुद्रा ओढून टाकतो.

सर्वांत मोठा बदल हवेच्या पिशवीने घडवला. २०१८ पासून तिन्ही वर्गांत पोशाखाच्या आत ती असणे बंधनकारक आहे. गती व कल मोजणारे संवेदक स्वार पडत असल्याचे ओळखतात आणि तो जमिनीवर आदळण्यापूर्वीच, सेकंदाच्या अल्पांशात, खांदे व गळपट्टीच्या हाडांभोवती पिशवी फुगते. काही सेकंदांनी ती निवते, त्यामुळे गाडी चालण्याजोगी असेल तर स्वार पुन्हा तिच्यावर बसू शकतो. २०१३ मध्ये, ही सक्ती होण्यापूर्वीच, मार्केझ मुजेल्लो येथे सरावात ताशी सव्वातीनशे किलोमीटरपलीकडच्या वेगात पडला. त्याला किरकोळ दुखापतीच झाल्या.

मात्र पोशाखाला एक गोष्ट थोपवता येत नाही, ती म्हणजे मागून येणाऱ्या गाडीची धडक. २०१० मध्ये मिसानो येथे शोया तोमिझावा, २०११ मध्ये सेपांग येथे मार्को सिमोन्चेल्ली आणि २०२१ मध्ये मुजेल्लो येथे जेसन दुपास्किये हे तिघेही पडल्यानंतर मागच्या गाड्यांखाली सापडून दगावले. सिमोन्चेल्ली चोवीस वर्षांचा होता. मार्गालगतच्या अडसराशी आदळणे हा दुसरा धोका. २००३ मध्ये सुझुका येथे दाइजिरो कातो याचा तसाच अंत झाला आणि त्यानंतर मोटोजीपी त्या मार्गावर परतली नाही. पहिला धोका प्रत्येक शर्यतीत, विशेषतः सारे स्वार एका घोळक्यात असणाऱ्या पहिल्या फेरीत, कायम असतो.

यंत्र

मोटोजीपीची गाडी बाजारात विकत मिळत नाही. इंजिनाला चारपेक्षा जास्त सिलिंडर असू शकत नाहीत, सिलिंडरचा व्यास ८१ मिलिमीटरपेक्षा मोठा चालत नाही आणि मुख्य शर्यतीसाठी २२ लिटर इंधन मिळते. २०१६ पासून नियंत्रक संगणक व त्याची आज्ञावली सर्वांना एकच आहे. श्रीमंत कारखान्यांची आघाडी त्यामुळे काहीशी घटली. गिअर सहा असतात व त्यांची मांडणी बहुधा रस्त्यावरच्या गाडीच्या उलट, म्हणजे पहिला वर आणि बाकीचे खाली अशी असते. झुकलेल्या अवस्थेत पायाचा पंजा पायट्याखाली घालणे शक्य नसते, म्हणून ही रचना. क्लचचा उपयोग प्रामुख्याने शर्यत सुटतानाच होतो.

२०२३ मध्ये मुजेल्लोच्या सरळ पट्ट्यावर ब्रॅड बाइंडरच्या केटीएमने ताशी ३६६.१ किलोमीटर वेग गाठला. म्हणजे सेकंदाला शंभर मीटरहून थोडे अधिक. या वेगात पुढचे चाक जमिनीवर ठेवणे हाच प्रश्न असतो. इटलीच्या डुकाटी कंपनीने २०१५ पासून गाडीला छोटे पंख लावून तो सोडवण्याचा यत्न केला. बाहेर आलेल्या पात्यांनी इतरांना इजा होईल म्हणून २०१७ मध्ये त्यांवर बंदी आली, तेव्हा ती दर्शनी आवरणातच मिसळून घेण्यात आली. पाठोपाठ डुकाटीनेच शर्यत सुटताना आणि वळणातून निघताना गाडी खाली बसवणारी यंत्रणा आणली. गाडी बुटकी झाली की पुढचे चाक उचलत नाही व सारी ताकद वेगात उतरते. इतर कारखान्यांनाही तेच करावे लागले.

या सुधारणांनी वेग वाढला, पण शर्यतीतील चुरस घटली अशी तक्रार स्वार आणि प्रेक्षक या दोहोंकडून होत आली आहे, आणि तिच्यात तथ्य आहे. पंखांमुळे पुढची गाडी मागे गढूळ हवा सोडते, पाठलाग करणाऱ्याचा पुढचा टायर तापतो व ओलांडून जाणे अवघड होते. २०२७ पासूनच्या नियमांत इंजिन ८५० घनसेंटिमीटरचे, सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटर, इंधन २० लिटर, पंख आखूड आणि उंची बदलणाऱ्या यंत्रणांवर पूर्ण बंदी अशा तरतुदी आहेत. इंधनही संपूर्णपणे अजीवाश्म असेल.

भारताशी संबंध

मुंबईच्या महिंद्रा उद्योगसमूहाने २०११ मध्ये १२५ घनसेंटिमीटर वर्गात प्रवेश केला आणि २०१२ ते २०१७ या काळात मोटो-३ मध्ये आपल्या गाड्या उतरवल्या. २०१६ मध्ये आसेन येथे फ्रान्चेस्को बान्यायाने महिंद्राला पहिला विजय मिळवून दिला आणि त्याच वर्षी मलेशियातही तो जिंकला. हाच बान्याया पुढे डुकाटीवर २०२२ व २०२३ चा मोटोजीपी विश्वविजेता झाला. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भांडवल गुंतवले, आणि केटीएमच्या लहान गाड्या चाकण येथे तयार होऊ लागल्या. केटीएम २०१७ पासून मोटोजीपीत पूर्णवेळ आहे. ती आर्थिक अडचणीत आल्यावर २०२५ मध्ये तिचे नियंत्रण बजाजकडे आले.

भारतातील पहिली मोटोजीपी शर्यत २४ सप्टेंबर २०२३ रोजी ग्रेटर नोएडा येथील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गावर झाली. उकाड्यामुळे शर्यत २४ ऐवजी २१ फेऱ्यांची करण्यात आली. मार्को बेझेक्कीने ती जिंकली. दुसरा आलेला खोर्खे मार्टिन शरीरातील पाणी कमी झाल्याने शर्यत संपताच कोलमडला. चामड्याच्या बंद पोशाखात, तापलेल्या इंजिनावर आडवे होऊन पाऊण तास काढणे म्हणजे काय हे त्या दिवशी भारतीय प्रेक्षकांना प्रत्यक्ष दिसले. २०२४ ची शर्यत मात्र रद्द झाली.